बीपीडी आणि देखणेपण: खरंच काही संबंध आहे, की आपल्यालाच तसं दिसतं?

अर्धविराम

गेले काही महिने एक प्रश्न डोक्यात घोळतोय. दोन वर्षांचं नातं संपलं आणि त्यानंतर रात्र रात्र जागून इंटरनेटवर सापडेल ते वाचत सुटलो. वाचता वाचता 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' (बीपीडी, एक व्यक्तिमत्त्व विकार) हा शब्द भेटला आणि सगळं कोडं सुटल्यासारखं वाटलं. सुरुवातीला तिच्या लेखी मी म्हणजे देव, आठ दिवसांनी मी म्हणजे जगातला सगळ्यात नीच माणूस. फोन उचलायला दहा मिनिटं उशीर झाला की "तुला मी नकोच आहे". मग रडारड, मग माफी, मग पुन्हा देव.

पण प्रश्न तो नाही. अशा नात्यांतून बाहेर पडलेल्यांचे ऑनलाइन गट आहेत. तिथे एक वाक्य इतक्या वेळा येतं की ते नियमच वाटायला लागतं: "बीपीडीवाल्या व्यक्ती दिसायला विलक्षण आकर्षक असतात." शंभर जण लिहितात आणि शंभर जण खाली 'अगदी अगदी' म्हणतात. माझ्या बाबतीतही ते खरं होतं. आम्ही कुठेही गेलो की लोक आधी तिच्याकडे बघायचे आणि मग माझ्याकडे, 'हा कसा काय हिच्याबरोबर' अशा नजरेनं.

म्हणून विचारतोय. यात तथ्य आहे का? जनुकांमध्ये काही? की देखण्या मुलांचे लहानपणी फार लाड होतात, त्यातून पुढे हे घडतं? कुणी अभ्यास वाचले असतील तर सांगा. ज्यांना स्वतःला अनुभव आहे त्यांनीही लिहावं. कुणाला दुखवायचा हेतू नाही.

काडीबहाद्दर

सोपं आहे. दिसायला बेताची बाई भांडली तर ती कजाग. सुंदर बाई भांडली तर तिला लांबलचक इंग्रजी नावाचा आजार.

हलके घ्या. चालू द्या.

विदाप्रेमी

काडीबहाद्दर नेहमीप्रमाणे काडी टाकून पळाले, पण निम्मं उत्तर त्यांच्या काडीतच आहे.

अर्धविराम, तुम्ही म्हणता ते शंभर जण कोण आहेत हे आधी बघा. ज्यांना पहिल्या महिन्यातच वादळाचा अंदाज आला आणि जे निघून गेले, ते या गटांत येत नाहीत. येतात ते वर्ष-दोन वर्षं टिकून राहिलेले. आता माणूस इतका त्रास सोसून का टिकतो? प्रेम, सवय, कीव, अशी कारणं बरीच असतात, पण 'रूप' हे त्यातलं एक मोठं आणि सहसा न कबूल केलं जाणारं कारण आहे. स्वभाव शांत असेल तर चेहरा साधा चालतो आणि चेहरा लखलखीत असेल तर स्वभाव खपवून घेतला जातो. ज्यांच्याकडे दोन्ही नाही त्यांच्याशी आपलं नातं जुळतच नाही, म्हणून ते आपल्या आठवणींच्या यादीतही नसतात. आता या गाळून उरलेल्या यादीकडे बघितलं तर 'जितकी देखणी तितकी वादळी' असा नियम आपोआप दिसू लागतो, मूळ लोकसंख्येत तसं काहीही नसताना. जोसेफ बर्क्सन यांनी १९४६ साली रुग्णालयातल्या रुग्णांबद्दल हाच घोळ दाखवून दिला होता: दोन गोष्टींपैकी कुठल्याही एकीमुळे माणूस तुमच्या नमुन्यात येत असेल, तर त्या दोन गोष्टींमध्ये खोटा संबंध तयार होतो.

दुसरी गोष्ट वयाची. बीपीडीची लक्षणं साधारण किशोरवयाच्या शेवटी आणि विशीत सर्वांत ठळक असतात, चाळिशीपर्यंत बऱ्याच जणांची पुष्कळ निवळतात. म्हणजे हा आजार ज्या वयात उठून दिसतो, त्याच वयात समाज माणसाला सर्वांत देखणं ठरवतो. विशीतल्या कुठल्याही शंभर जणांना गोळा करा आणि पन्नाशीतल्या शंभर जणांशी तुलना करा, 'आकर्षक' कोण ठरणार?

तिसरी गोष्ट, रुग्णालयात दिसतं ते आणि बाहेर असतं ते वेगळं. उपचारांना येणाऱ्यांत स्त्रिया सुमारे तीन चतुर्थांश असतात असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. पण अमेरिकेत सर्वसाधारण लोकसंख्येचं मोठं सर्वेक्षण झालं, २००८ साली त्याचे आकडे आले: स्त्रिया ६.२ टक्के, पुरुष ५.६ टक्के. जवळजवळ सारखेच. (हे प्रमाण बऱ्याच तज्ज्ञांना जास्त वाटतं, इतर अंदाज दीड-दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. पण मुद्दा प्रमाणाचा नाही, स्त्री-पुरुष फरकाचा आहे.) मग 'बीपीडी म्हणजे सुंदर तरुणी' ही प्रतिमा येते कुठून? अर्धे लोक तर पुरुष आहेत, त्यांच्या रूपाबद्दल कुणी धागा काढल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

ओपीडीनंतर

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडं लिहिते. इथे कुणाचंही निदान करणार नाही, व्यक्तिगत निरोपातूनही नाही. आधीच सांगून ठेवते.

निदानाचे निकष नऊ आहेत, त्यातले किमान पाच जुळावे लागतात. एकटं टाकलं जाण्याची भीती आणि ते टाळण्याची धडपड, टोकाला जाणारी नाती, 'मी कोण' याचा पत्ता नसणं, घातक उतावळेपणा, स्वतःला इजा किंवा आत्महत्येचे प्रयत्न, तासातासाला फिरणारी मनःस्थिती, सततचं रितेपण, अनावर राग आणि ताणाच्या वेळी येणारा तात्पुरता संशय किंवा आपण आपल्यातच नसल्यासारखं वाटणं. दिसण्याबद्दल एक अक्षर नाही. नवातले कुठलेही पाच किंवा अधिक म्हणजे २५६ प्रकारांनी हेच निदान होऊ शकतं. एकाच निदानाच्या दोन व्यक्तींमध्ये फक्त एकच लक्षण समान असू शकतं, मग त्यांचा चेहरामोहरा कुठून सारखा असणार!

'आकर्षक' हा शब्द निकषांत डोकावतो तो शेजारच्या खोलीत. हिस्ट्रिऑनिक नावाचा वेगळा व्यक्तिमत्त्व विकार आहे, त्यात 'लक्ष वेधण्यासाठी शारीरिक रूपाचा सतत वापर' असा एक निकष आहे. रूपाचा वापर, रूप नव्हे. तरीही १९९९ साली बॉर्नस्टीन यांनी तपासलं तेव्हा स्त्रियांमध्ये या विकाराची लक्षणं आणि देखणेपण यांचा संबंध दिसला, पुरुषांमध्ये दिसला नाही. ऐकीव माहितीत हे दोन्ही विकार एकमेकांत मिसळून जातात, असं मला वाटतं.

आणि एक जुनी गोष्ट. १९७७ साली फरीना आणि सहकाऱ्यांनी मनोरुग्ण म्हणून दाखल असलेल्या स्त्रियांच्या रूपाला गुण देऊन बघितले होते. त्या इतरांपेक्षा कमी आकर्षक ठरल्या. म्हणजे दावा उलट्या बाजूनेही करता येतो! अर्थात औषधं, झोपेची वाट, दाखल असतानाचे कपडे, केस विंचरायचीही इच्छा नसणं, या सगळ्यातून कुणाचं रूप टिकेल?

आमच्या धंद्यातलं एक कबूल करते. रुग्णाची मानसिक तपासणी लिहिताना पहिला रकाना 'बाह्यरूप आणि वागणं' असा असतो. तिथे लिहायचं असतं कपडे स्वच्छ आहेत का, नजरेला नजर देते का, वय दिसतं तेवढंच आहे का. मी शिकत असताना एकदा लिहिलं, 'आकर्षक तरुणी, नीटनेटका पेहराव.' आमच्या वरिष्ठ बाईंनी पेनाने पहिला शब्द खोडला आणि विचारलं, "हे तिच्याबद्दल आहे की तुझ्याबद्दल?" त्या पुढे काही बोलल्या नाहीत. मी नंतर जुन्या फायली चाळल्या. पुरुष रुग्णाच्या रकान्यात तो शब्द मला एकदाही सापडला नाही.

भटका_आयडी

बायपोलर आणि हे एकच ना? माझ्या मित्राच्या भावाला आहे.

ओपीडीनंतर

@भटका_आयडी: नाही. बायपोलरमध्ये चढ किंवा उतार सहसा दिवस-आठवडे टिकतो आणि मधल्या काळात माणूस बराच स्थिर असू शकतो. इथे एका दिवसात चार ऋतू होतात, आणि बहुतेक वेळा कारण कुठल्यातरी नात्यात असतं. दोन्ही एकाच माणसाला असूही शकतात, म्हणून घरी बसून ठरवू नये.

पानगळ

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज राहवलं नाही.

मला बीपीडी आहे. निदान झालं तेव्हा मी २३ वर्षांची होते, आता ३४. आणि हो, लोक मला सुंदर म्हणतात. म्हणजे अर्धविरामांच्या गटातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांना आणखी एक पुरावा मिळाला.

आता तो पुरावा आतून कसा दिसतो ते सांगते. विशीत माझ्या खोलीतल्या आरशावर मी टॉवेल टाकून ठेवायचे. सकाळी एक कोपरा उचलून फक्त डोळ्यांना काजळ लावण्यापुरता आरसा उघडायचा, मग पुन्हा टॉवेल. कारण पूर्ण चेहरा बघितला तर तो कुणाचा आहे ते कळायचं नाही. कुरूप वाटायचा असं नाही, अनोळखी वाटायचा. एकदा कुठल्याशा अर्जासाठी फोटो काढले होते, आठ प्रतींचा तो छोटा कागद मिळतो ना, तो. आठही फोटो एकच आहेत हे माहीत असून मी बसून त्यातला 'बरा' कोणता ते शोधत होते. शेवटी सगळे फाडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायला गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कालचे चांगलेच होते की." मला वाटलं हा माझी चेष्टा करतोय. तिथेच रडले.

वर ओपीडीनंतर यांनी 'मी कोण याचा पत्ता नसणं' असं एका ओळीत लिहिलंय. त्या ओळीत राहणाऱ्या माणसाला रूप फार उपयोगी पडतं हे मात्र खरं. आत काही धरायला नसलं की माणूस बाहेरचं धरतो. मी ज्याच्यासोबत असेन त्याला आवडेल तशी दिसायचे. एकाला साधेपणा आवडायचा तर मी वर्षभर मेकअपला हात लावला नाही. पुढच्याला लांब केस आवडायचे नाहीत, तर तीन दिवसांत कापले. लोकांना वाटायचं, केवढा हिचा आत्मविश्वास! लोक 'आकर्षक' म्हणतात त्यातला किती भाग नाकीडोळ्यांचा आणि किती भाग या धडपडीचा, ते मला आजही सांगता येणार नाही. समोरच्याकडे असं एकटक लक्ष दिलं की कुठलाही माणूस सुंदरच वाटतो. पहिल्या महिन्यात मी ज्या नजरेनं बघायचे तसं त्यांच्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं, असं मला दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं आहे. ते नाटक नव्हतं. तेव्हा ते खरंच देव वाटायचे.

आणि कौतुकाचं म्हणाल तर 'छान दिसतेस' हे वाक्य माझ्यात चार मिनिटं टिकायचं. पाचव्या मिनिटाला प्रश्न यायचा, म्हणजे एरवी नाही दिसत? समोरचा गप्प बसला तर तो रागावलाय, असंच वाटायचं. साधा, काही भाव नसलेला चेहराही मला धमकी द्यायचा.

विदाप्रेमी

@पानगळ: लिहिलंत हे फार बरं केलंत. शेवटच्या वाक्याला प्रयोगांतही आधार आहे. २००३ साली डोनेगन आणि सहकाऱ्यांनी बीपीडी असलेल्यांना वेगवेगळ्या भावांचे चेहरे दाखवून मेंदूचं चित्रण केलं. अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा भाग, त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त पेटत होता. आणि भावहीन चेहरेही काही जणांना भीतीदायक वाटले होते.

थोरली

माझी धाकटी बहीण. घरात सगळ्यांत देखणी, अगदी नक्षत्रासारखी. तिला मदत मिळायला नऊ वर्षं लागली आणि त्यातली किमान पाच तिच्या रूपानं खाल्ली असं माझं स्पष्ट मत आहे.

शाळेत तिने वर्गात वही भिरकावली तर बाई म्हणाल्या, "हळवी आहे जरा." दुसऱ्या एका मुलीने तेच केलं असतं तर पालकांना बोलावणं गेलं असतं. कॉलेजात पंधरा दिवस खोलीबाहेर पडली नाही तर "प्रेमभंग असेल, देखण्या मुलींचं असंच असतं". मनगटावरच्या खुणा मी पहिल्यांदा बघितल्या आणि आत्याला सांगितलं, तर आत्या म्हणाली, "एवढी सुंदर पोरगी, तिला कसलं दुःख?" हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलंय याची गणती नाही. बहीण समोर बसलेली असताना ऐकलंय. ती हसायची. हसली की अजूनच छान दिसायची आणि विषय तिथेच संपायचा.

एका डॉक्टरांकडे घेऊन गेले तर ते म्हणाले, "हिच्याकडे बघून वाटत तर नाही." मी विचारलं, बघून कसं वाटायला हवं होतं? उत्तर नव्हतं.

तेव्हा अर्धविराम, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: रूपामुळे आजार होत नाही, रूपामुळे तो दिसत नाही. आणि दिसतो तेव्हा फार उशिरा, भलत्याच नावाने दिसतो. आमच्याकडे आधी 'लाडावलेली', मग 'नखरेल', मग 'चंचल', मग 'वाया गेलेली' अशी चार निदानं नातेवाइकांनी फुकटात करून झाली होती.

विदाप्रेमी

थोरली, याला मानसशास्त्रात 'हेलो इफेक्ट' असं नाव आहे. थॉर्नडाइकने १९२० साली सेनाधिकाऱ्यांनी सैनिकांना दिलेले गुण तपासले, तेव्हा एका बाबतीत चांगला वाटलेला माणूस सगळ्याच बाबतींत चांगला ठरवला जातो हे दिसलं. १९७२ मध्ये डायन, बर्शाइड आणि वॉल्स्टर यांनी नुसते फोटो दाखवून विचारलं, तर लोकांनी देखण्या चेहऱ्यांना स्वभावही चांगला बहाल केला आणि सुखी संसारही. 'हिला कसलं दुःख' हे तुमच्या आत्यांचं वाक्य म्हणजे त्या निष्कर्षाचा शब्दशः अनुवाद आहे.

आणि वस्तुस्थिती काय? फाइनगोल्डने १९९२ मध्ये असे पुष्कळ अभ्यास एकत्र करून बघितले. देखणी माणसं थोडी कमी एकटी, थोडी कमी बुजरी, चारचौघांत वावरायला थोडी सराईत. बाकी स्वभावाचा आणि रूपाचा संबंध जवळपास शून्य.

निनावी_१७

पुरुष. वय ४१. बीपीडीचं निदान ३६ व्या वर्षी. त्याआधी 'दारू' आणि 'रागीट' एवढीच दोन निदानं होती. रूप विचाराल तर गर्दीत हरवलो तर वर्णन सांगताना घरच्यांची पंचाईत होईल असा चेहरा.

बायको सोडून गेली तेव्हा मी फुटपाथवर बसून रडलो होतो. लोक वळसा घालून गेले. तिथे एखादी सुंदर मुलगी असती तर चार जण थांबले असते. ते चार जण तिच्या भल्यासाठीच थांबले असते असंही नाही, हेही कळतं. पण माझ्यावर कुणी कविता केली नाही, कुणी 'गूढ' म्हटलं नाही, कुणी दोन वर्षं सोसलं नाही. सोळा महिने सोसलं.

बस, एवढंच.

काडीबहाद्दर

निनावी, सोळा महिन्यांवर हसू की रडू कळेना. माझा वरचा प्रतिसाद जरा स्वस्तातला होता, तो मागे घेतो.

रातकिडा

सगळे एकाच सुरात बोलताहेत म्हणून थोडा विरोध. संबंध अगदीच नाही असं म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये ब्लँचर्ड, डन आणि सुमिच यांचा अभ्यास आलाय. निष्कर्ष असा की आकर्षक स्त्रीमध्ये बॉर्डरलाइन लक्षणं असली तरी पुरुषांना ती तुलनेनं चालतात. स्त्रियांच्या बाबतीत दिसायला बेताचा पण पैसेवाला पुरुष असेल तर त्याची लक्षणं चालून जातात. म्हणजे उत्क्रांतीच्या हिशोबात या स्वभावाला आणि रूपाला एकत्र भाव आहे. मग पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही एकत्र का येणार नाहीत? शिवाय 'काळ्या' स्वभावाची माणसं जास्त आकर्षक असतात असंही वाचलंय.

विदाप्रेमी

रातकिडा, अभ्यास रोचक आहे पण त्याचा प्रश्न वेगळा आहे. 'बीपीडी असलेले आकर्षक असतात का' हे त्यात मोजलेलंच नाही. 'आकर्षक व्यक्तीत ही लक्षणं असली तर लोक ती किती खपवून घेतात' हे मोजलंय. म्हणजे मी पहिल्या प्रतिसादात 'चेहरा लखलखीत असेल तर स्वभाव खपतो' असं जे अंदाजाने म्हटलं, त्यालाच तो दुजोरा आहे. आणि पैसेवाल्या पुरुषाचा भाग विसरू नका. 'बीपीडीवाले पुरुष श्रीमंत असतात' असा निष्कर्ष काढाल का? नाही ना? तर मग रूपाबद्दलही काढू नका.

'काळ्या' स्वभावाचा अभ्यास बहुतेक हॉल्ट्झमन आणि स्ट्रूब यांचा, २०१३ चा. तो आत्मप्रौढी, कावेबाजपणा आणि मनोविकृत बेदरकारपणा यांबद्दल आहे, बीपीडीबद्दल नाही. पण त्याची रचना मला फार आवडते. विद्यार्थी आले तसे त्यांचे फोटो काढले. मग मेकअप पुसायला लावला, केस मागे बांधायला लावले, सगळ्यांना एकसारखे करडे साधे कपडे दिले आणि पुन्हा फोटो काढले. पहिल्या फोटोंत त्या स्वभावाची माणसं सरस ठरली होती. करड्या कपड्यांत ती सरशी गायब! म्हणजे फरक होता तो नटण्याच्या कौशल्यात, चेहऱ्यात नव्हे.

पानगळ

मी करड्या कपड्यांत अजून बरी दिसते. पण ते असो.

एक सांगते, 'काळा' शब्दाने टोचलं. समोरच्याला फसवायला नटणं आणि आपण नाहीसे होऊ या भीतीने नटणं, दोन्ही फोटोंत सारखीच दिसतात.

ओपीडीनंतर

पानगळ, अगदी. रातकिडांना उद्देशून थोडं आणखी, कारण 'जनुकांत काय' हा मूळ प्रश्न राहिलाच. बीपीडीत आनुवंशिकतेचा वाटा आहे. स्वीडनमधल्या राष्ट्रीय नोंदींवरच्या मोठ्या अभ्यासात तो सुमारे ४६ टक्के निघाला. उरलेलं परिस्थितीतून. २०२० मधल्या एका एकत्रित विश्लेषणात बीपीडी असलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी बालपणी अत्याचार, हेळसांड असं काही ना काही सोसल्याचं सांगितलं होतं. म्हणून 'फार लाड झाल्यामुळे' हे मला पटत नाही, जास्त करून उलटंच बघते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांची मांडणी अशी की जन्मतः हळवं, पटकन पेटणारं आणि हळूहळू विझणारं मन, आणि त्याला सतत 'तुला वाटतंय ते खोटं आहे' असं सांगणारं भोवताल, या दोन्हींच्या घर्षणातून हे घडतं. 'एवढं काय रडायचं त्यात' हे त्याचं रोजचं रूप. आता माझं वैयक्तिक मत, अभ्यास म्हणून घेऊ नका: थोरलीच्या आत्यांचं वाक्य याच जातीचं आहे. सुंदर मुलीला कौतुक भरपूर मिळतं, पण तिचं दुःख खरं मानलं जाईलच असं नाही. बाहेरून लाड वाटतात आणि आतलं कुणी ऐकलेलं नसतं. रूपाचा काही संबंध असलाच तर मी तो इथे शोधेन.

याच लिनेहन यांनी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही उपचारपद्धती उभी केली, १९९१ मध्ये तिची पहिली चाचणी प्रसिद्ध झाली. आणि २०११ मध्ये त्यांनी जाहीर सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः अशाच अवस्थेत रुग्णालयात होत्या. निनावी, तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते: झनारिनी यांनी अमेरिकेत दाखल रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा केला, त्यात ९३ टक्के लोकांची लक्षणं किमान दोन वर्षं सलग निकषांखाली गेलेली दिसली. काम आणि नाती दोन्ही नीट बसणं मात्र निम्म्यांनाच जमलं. तो भाग अवघड आहे.

निनावी_१७

डीबीटीचा गट चालू केलाय. गटात मी एकटा पुरुष. पण जातो.

अर्धविराम

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. एक कबुली द्यायची राहिली. तिचं निदान कुठल्याही डॉक्टरने केलेलं नाही. मी केलं, तेही ती गेल्यावर, रात्री तीन वाजता एक व्हिडिओ बघून. मूळ लेखात मी ते अशा थाटात लिहिलं की जणू फाईलच वाचली होती.

काल जुन्या गप्पा उघडल्या. एका समारंभाला जायचं होतं. तिने फोटो पाठवला, "ठीक दिसतेय ना?" मी लिहिलं, "मस्त". चार मिनिटांनी दुसरा फोटो, दुसरा ड्रेस. "मस्त". मग तिसरा. "छान". आणि मग तिचं, "जाऊ दे, मी येत नाही." हा किस्सा मी सगळ्या मित्रांना सांगितलाय, तिच्या लहरीपणाचा पुरावा म्हणून. काल बघितलं तर तिन्ही फोटोंवर अजून तो बाण होता, डाऊनलोड करायचा. मी एकही उघडला नव्हता.

पानगळ, तुम्ही 'चार मिनिटं' लिहिलंत तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. तिने तिन्ही फोटोंत नक्की काय विचारलं होतं?

पानगळ

ते मला कसं कळणार? मी तिला ओळखत नाही आणि तुम्हीही फोटो उघडले नव्हतेत.

माझ्यापुरतं सांगते, तिसऱ्या 'छान'नंतर मीही आले नसते. पण त्यावरून तिला बीपीडी होतं असं ठरत नाही. समोरचा बघत नाहीये हे कळायला आजारी असावं लागत नाही.